बातमीची शून्य त्रुटी

प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हाती घेतल्यावर आपण प्रथम काय पाहतो? त्याची शून्य त्रुटी. ती आढळली म्हणून उपकरण फेकून देत नाही. चूक कोणत्या दिशेची व किती, हे ओळखून वाचन दुरुस्त करतो. बातमीचेही असेच आहे. मुंबईतीलच एक उदाहरण घेऊ.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्याही होत्या. जहाजाला आग लागली व दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी व लगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. जपानने हल्ला केला, अशी अफवा शहरात उठली.

युद्धामुळे बातम्यांवर सरकारी नियंत्रण होते. वार्ताहरांना वृत्त बाहेर पाठवण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. उलट, जपानच्या ताब्यातील सायगॉन नभोवाणीने १५ एप्रिललाच सविस्तर बातमी दिली!

आता विचार करा. ब्रिटिशांची हानी सांगण्यात सायगॉनचा फायदा, तर ती झाकण्यात सरकारचा. दोघांचीही शून्य त्रुटी उघड, पण दिशा विरुद्ध. तरीही शत्रूने सांगितलेला स्फोट खराच होता. म्हणजे सांगणाऱ्याचा कल कळला की तो काय फुगवील, काय लपवील, याचा अंदाज येतो. खरेखोटे ठरत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा.

असा पुरावा होता. दूर शिमल्याच्या भूकंपमापकाने हादरा नोंदवला. यंत्राला ना जपानची बाजू, ना ब्रिटिशांची. पण हल्ला की अपघात, हे यंत्र सांगत नाही. अपघात होता, हे चौकशीतून ठरले.

मोबाइलवर एखादी बातमी आली, की तीन प्रश्न विचारा. सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे? त्याने स्वतः पाहिले, की नुसते ऐकले? वेगळ्या मार्गाने दुजोरा मिळतो का? दहा वर्तमानपत्रांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी छापली, तर साक्षीदार एकच. सदोष कॅलिपरने दहा वेळा मोजले तरी शून्य त्रुटी सरासरीत जात नाही.

त्या दुर्घटनेत अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले, हा आकडा नेमका सांगतात. एकूण मृतांचा आकडा मात्र कोठे ८००, तर कोठे १,३०० दिलेला आढळतो. असा आकडा वाचताना आणखी एक प्रश्न विचारा : मोजायचे राहून गेले ते कोण?