फ्लॉरेन्स : वेदीपासून दालनापर्यंत

युरोपच्या प्रवासाला निघालेल्या आपल्याकडील मंडळींच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो, आणि त्या एका दिवसात कॅथीड्रल, दोन-तीन चर्च, उफीझी, अकादेमिया आणि आर्नो नदीवरचा जुना पूल एवढे सारे उरकावयाचे असते. दिवस अपुरा आहे हे उघडच आहे. परंतु तो कोणत्या सूत्राने घालवावा हे आधी ठरवले, तर त्या धावपळीतूनही पुष्कळ काही पदरात पडते, असे माझे मत आहे. ते सूत्र असे की, येथील संग्रहालयांत आज मांडलेल्या थोर कृतींपैकी पुष्कळशा एके काळी याच गावातील चर्चमध्ये, वेदीवर किंवा दारावर, आपापल्या नेमल्या जागी होत्या. म्हणून चर्च आणि संग्रहालय ही एकाच वाड्याचे दोन चौक समजून पाहावीत.

सकाळ घुमटासाठी राखावी. सांता मारिया देल फिओरे या कॅथीड्रलचे बांधकाम 1296 मध्ये सुरू झाले. पण मधला अष्टकोनी अवकाश सुमारे 45 मीटर रुंद असल्यामुळे तो आच्छादताना खालून लाकडी साच्याचा आधार कसा द्यावा, हा प्रश्न शतकाहून अधिक काळ लोंबकळत राहिला. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने साच्यावाचूनच घुमट उभारण्याचे पत्करले आणि 1420 ते 1436 या काळात ते कार्य तडीस नेले. घुमट दुहेरी आहे, आणि वर नेणारा चिंचोळा जिना त्या दोन कवचांमधून जातो. 463 पायऱ्यांचा हा चढ दमवणारा खरा. तथापि वाटेत विटांकडे अवश्य लक्ष द्यावे. आडव्या थरांत ठराविक अंतराने विटा उभ्या बसवलेल्या दिसतात. चुना ओला असताना कललेला थर खाली घसरू नये म्हणून त्या उभ्या विटा त्याला अडवून धरीत, आणि प्रत्येक पूर्ण झालेले वलय स्वतःला तोलून धरी.

समोरच्या बाप्तिस्मागृहाच्या पूर्वद्वारी सोनेरी दरवाजापुढे गर्दी असते, ती प्रतिकृतीपुढे. लोरेन्झो गिबेर्तीने 1425 पासून 1452 पर्यंत खपून घडवलेली मूळ कवाडे कॅथीड्रलच्या संग्रहालयात आहेत, आणि तेथे ती अगदी जवळून न्याहाळता येतात. चौकटीवरील लहान लहान शिरांमध्ये टक्कल पडलेले, किंचित पुढे झुकलेले एक डोके आहे. ते खुद्द गिबेर्तीचे.

दुपारपूर्वी सान मार्कोचा मठ गाठावा. येथील भिंतींवरची चित्रे स्थलांतरापासून बचावली. फ्रा आंजेलिको हा या मठाच्याच संप्रदायातील भिक्षू. त्याने व त्याच्या सहाय्यकांनी प्रत्येक कोठडीत एकेक चित्र रेखाटले, तेही प्रेक्षकांसाठी नव्हे, तर त्या कोठडीत राहणाऱ्या एकट्या साधकाच्या चिंतनासाठी. वेळ अपुरा पडत असेल तर अकादेमियातील डेव्हिडला वगळावे, पण या कोठड्यांना नव्हे.

सांता क्रोचेमध्ये मायकेलँजेलो, गॅलिलिओ व मॅकियाव्हेली यांची थडगी आहेत, आणि प्रवासी त्यांपुढेच थबकतात. माझ्या मते तेथील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे चिमाब्वेचा प्रचंड लाकडी क्रूस. 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नोला महापूर आला, गिबेर्तीच्या दरवाजाची दहापैकी पाच फलके उखडली गेली, आणि या क्रूसावरचा सुमारे साठ टक्के रंग चिखलपाण्यात नाहीसा झाला. चित्र पूर्ववत भासावे म्हणून गेलेला भाग पुन्हा रंगवण्याचा मोह संस्कारकांनी टाळला. त्या जागी त्यांनी अनेक रंगांच्या बारीक रेघा एकमेकींत विणल्या आहेत. दुरून त्या डोळ्याला खुपत नाहीत, जवळून मात्र नुकसान किती झाले ते प्रामाणिकपणे सांगतात. भग्न वस्तूशी कसे वागावे याचा याहून चांगला पाठ मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मग उफीझी. ही इमारत कोसिमो द मेडिचीच्या हुकुमावरून 1560 मध्ये वासारीने आरंभली, ती राज्यकारभाराच्या कचेऱ्यांसाठी. वरच्या मजल्यावर घराण्याचा संग्रह पुढे जमत गेला. वंशातील अखेरची वारस आन्ना मारिया लुईझा हिने 1737 मध्ये नव्या राजघराण्याशी करारनामा करून ही सारी मिळकत त्यांच्या हवाली केली, मात्र यातील काहीही शहराबाहेर नेता कामा नये, अशी अट घातली. आज आपण जे पाहतो ते त्या एका कलमामुळे. येथे शेकडो चित्रांमागे धावू नये. दुच्चो, चिमाब्वे आणि जोत्तो यांच्या मरियामातेच्या तीन भव्य वेदीचित्रांसमोर निवांत उभे राहावे. ती अनुक्रमे सांता मारिया नोव्हेल्ला, सांता त्रिनिता व ओन्यिस्सांती या चर्चमधून आलेली आहेत, आणि खालून, मेणबत्तीच्या प्रकाशात, मान वर करून पाहण्यासाठी निर्मिलेली आहेत, हे ध्यानी धरले म्हणजे त्यांची उंची व सुवर्णपार्श्वभूमी यांचे प्रयोजन उमगते.

एक स्थळ मात्र सहलीच्या यादीत सहसा नसते. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतत असता 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. शवदहनाचा तेथे शिरस्ता नसतानाही शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीप्रमाणे त्यांचा अंत्यसंस्कार झाला. काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, त्याच ठिकाणी, 1874 मध्ये उभारलेल्या छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने संग्रहालयातील चार दालने खुशाल गाळावीत, पण या छत्रीचे दर्शन घेतल्यावाचून परतू नये.