विश्लेषण : आमदार-खासदारांची हजेरी कळते, प्रश्न कळतात, मग मत का कळत नाही?

निवडणुकीत आपण कुणाला मत दिले हे गुप्त असते आणि ते तसेच असायला हवे. आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधीचे सभागृहातील मत मात्र गुप्त असण्याचे कारण नाही. खासदार किती दिवस हजर होता, त्याने किती प्रश्न विचारले, प्रचारावर किती खर्च दाखवला, हे मोबाइलवर काही मिनिटांत सापडते. पण एखाद्या कायद्यावर त्याने ‘होय’ म्हटले की ‘नाही’, याची नोंद अनेकदा मुळात झालेलीच नसते. असे का होते आणि जी माहिती उपलब्ध आहे, ती कशी वाचायची?

आवाजी मतदानात काय होते?

पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात. बाजूचे सदस्य ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’. कोणता आवाज मोठा, याचा अंदाज घेऊन निर्णय जाहीर होतो. कोण काय म्हणाले, हे कुठेही लिहिले जात नाही. एखाद्या सदस्याने या निर्णयाला आव्हान देऊन मतविभाजन मागितले, तर मते मोजण्याची वेळ येते. तिथेही लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक पळवाट आहे. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना जागेवर उभे करून केवळ शिरगणती करू शकतात. अशा वेळी नावे नोंदवली जात नाहीत.

याने नेमका काय फरक पडतो?

महाराष्ट्राने तो १२ नोव्हेंबर २०१४ रोजी पाहिला. विधानसभेत बहुमतासाठी १४५ आमदार लागतात आणि भाजपचे १२२ निवडून आले होते. राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंब्याची तयारी दाखवली होती, तर शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती. देवेंद्र फडणवीस सरकारवरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे जाहीर झाले. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभाजनाचा आग्रह धरला, पण ते झाले नाही. त्या दिवशी कोणत्या आमदाराने सरकार तारले, याची नावानिशी नोंद आजही नाही.

राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी दोन कृषी विधेयके अशीच गदारोळात मंजूर झाली. मतविभाजन मागणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते, असे कारण नंतर देण्यात आले. वर्षभराच्या शेतकरी आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये कृषी कायदे रद्द करणारे विधेयक आले, तेही आवाजी मतदानानेच मंजूर झाले. अलीकडचे उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचे. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. सभागृहाबाहेर त्यावर मोठा वाद झाला, पण २८८ पैकी कोण कोणत्या बाजूला होते, हे मतांच्या नोंदीवरून सांगता येत नाही.

मग नावे कधी नोंदवली जातात?

घटनादुरुस्तीच्या वेळी. अनुच्छेद ३६८ नुसार तिला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश मते लागतात. म्हणजे मोजल्याशिवाय गत्यंतर नसते. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाली. विरोधातील दोन मते एमआयएमचे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची होती. त्या मतदारसंघातील मतदाराला आपला खासदार कुठे उभा राहिला, हे ठाऊक झाले आणि त्याचा जाब विचारणे शक्य झाले.

साध्या विधेयकावरही मतविभाजन होऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ सुधारणा विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२, तर राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर झाले. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव विधानसभेत १६४ विरुद्ध ९९ असा मोजून झाला. म्हणजे अडचण मोजण्याच्या यंत्रणेची नाही.

पण मत पक्षादेशानेच द्यायचे असेल तर?

हा आक्षेप खरा आहे. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेश मोडून मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे नोंदवलेले मत बहुतेक वेळा पक्षाचे असते. तरीही नोंद हवी. मतदारसंघात एक बोलणारा प्रतिनिधी सभागृहात दुसरेच करतो का, ऐन मतदानाच्या वेळी तो बाहेर होता का, हे नोंदीतूनच समजते. त्याचे स्वतःचे मन ओळखायचे असेल, तर भाषणे, प्रश्न आणि खासगी विधेयके पाहावीत.

हजेरी आणि प्रश्नांचे आकडे कसे वाचायचे?

‘डिजिटल संसद’ या संकेतस्थळावर प्रत्येक खासदाराचे प्रश्न, भाषणे आणि हजेरी मिळते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था तीच माहिती राज्याच्या आणि देशाच्या सरासरीशी ताडून दाखवते. मात्र हजेरी म्हणजे त्या दिवसाची सही. सदस्य सभागृहात किती वेळ बसला, हे तिच्यातून कळत नाही. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, म्हणून त्यांच्या नावापुढची रिकामी जागा म्हणजे दांडी नव्हे.

प्रश्नांच्या संख्येवरही भाळू नये. एकाच प्रश्नावर अनेक खासदारांची नावे एकत्र येतात. डिसेंबर २००५ मध्ये तर पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची हकालपट्टी झाली होती. म्हणून प्रश्न उघडून वाचावा. तो आपल्या जिल्ह्याचा आहे का? सरकारच्या उत्तरातून नवी माहिती बाहेर आली का?

पैशांचा हिशेब कुठे मिळतो?

तीन ठिकाणी. पहिले, उमेदवारी अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र. मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे त्यात असतात. दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवली की पाच वर्षांतला बदल दिसतो. दुसरे, निवडणूक खर्च. महाराष्ट्रात लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख, तर गोव्यात अनुक्रमे ७५ लाख आणि २८ लाख रुपयांची मर्यादा आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाच्या खर्चाला नाही, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवावे.

तिसरे, स्थानिक विकास निधी. खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. तो फक्त शिफारस करतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. त्यामुळे शिफारस, मंजुरी आणि पूर्ण झालेले काम हे तीन आकडे वेगवेगळे तपासावेत. आमदार निधीच्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे असते. ती मिळत नसेल तर दहा रुपये शुल्काचा माहिती अधिकार अर्ज पुरतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

आमदारांची माहिती इतकी सहज मिळते का?

नाही. मुंबईतील आमदारांचे प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढते. इतरत्र बहुतेक वेळा विधिमंडळाच्या कामकाजाची कागदपत्रे चाळून नाव शोधावे लागते.

मतदार काय करू शकतो?

प्रत्येक विधेयकावर मतविभाजन व्हावे यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. सभागृहाने आपले नियम बदलले तरी पुरे. तोवर ते मागणे सदस्यांच्या हाती आहे. प्रतिनिधी पुढच्या वेळी दारात आला, तर गटाराच्या आणि रस्त्याच्या कामाबरोबर आणखी एक प्रश्न विचारता येईल : आमच्यावर परिणाम करणाऱ्या विधेयकावर तुम्ही मतविभाजन मागितले होते का?