काडेपेटीचे छाप कसे जपावेत?

माझे वडील चौथीपर्यंत शिकले. त्यांच्या दप्तरातली एकच वस्तू घरात उरली आहे : काडेपेट्यांचे छाप चिकटवलेली वही. विम्कोचे जहाज, घोड्याचे तोंड, शिवकाशीकडचे मोर नि वाघ. गेल्या पावसाळ्यात ती उघडली, तर जहाजाचे अर्धे शीड कसरीने खाल्लेले! दोष खळीचा. कणकेची खळ म्हणजे कसरीला वाढलेले ताटच.

तेव्हा छाप चिकटवू नयेत. जुन्या पेटीवरचा छाप सोडवण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून टीपकागद दाबावा. रंग उतरला, तर तो पेटीसकट ठेवावा. न उतरल्यास कोमट पाण्यात भिजू द्यावा. ओढू नये, आपसूक सुटतो. मग टीपकागदात घालून जड ग्रंथाखाली वाळवावा. (शब्दकोश इथेही उपयोगी पडतो.)

अख्खी पेटी ठेवायची, तर काड्या काढाव्यात. गुलात पोटॅशियम क्लोरेट, पट्टीवर तांबडा फॉस्फरस. दोन्ही घासली गेली की संग्रहाची होळी. अमेरिकेत १८९२ साली जोशुआ प्युसी यांनी पुस्तकासारख्या काडेपेटीचे पेटंट घेतले. तिला तारेचा टाका असतो. तो गंजला की कागदावर डाग पडतो. म्हणून तिकडचे संग्राहक टाका व काड्या काढून नुसते आवरण सपाट करून ठेवतात.

वडिलांच्या वहीतले छापही पाण्याने सुटतील. पण प्रत्येकाखाली तो खेळात कोणाकडून जिंकला, हे त्यांनी शाईने लिहिले आहे. ते पुसले जाईल. म्हणून वही मोडली नाही. पानापानांत कोरा कागद घालून, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ती पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.