निर्भीक (रिव्हॉल्व्हर)

निर्भीक हे कानपूरच्या आयुध निर्माणीने बनविलेले .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आहे. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये ते मुख्यत्वे महिलांच्या स्वसंरक्षणासाठी सादर झाले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम असून ते पर्समध्ये मावते. मात्र शस्त्र जितके हलके, तितका गोळी झाडताना हाताला बसणारा धक्का अधिक. आखूड नळीमुळे नेम साधण्यासही अधिक सराव लागतो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना अनिवार्य आहे. बुधवार पेठेसह पुणे शहरात तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो. सव्वा लाखाच्या आसपासची प्रारंभीची किंमत सामान्य स्त्रियांना परवडणारी नाही आणि शस्त्र बाळगल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही, अशी टीका झाली.