काकड्याचे मूळ शेजारतीत

नरक चतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रात निजलेले घर शोधून सापडणार नाही, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती ठरू नये. न्हाणीघरात ऊन पाण्याची वाफ कोंदलेली असते, उटण्याचा आणि सुगंधी तेलाचा दरवळ माजघरापर्यंत पोहोचलेला असतो, तुळशीपाशी पणती तेवत असते आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटलेले असते. गोमंतकात तर रात्रभर मिरवलेल्या नरकासुराच्या प्रतिमेचे दहन याच वेळी होते आणि स्नान आटोपताच घरोघर नाना तऱ्हेच्या पोह्यांची पाने मांडली जातात. एरवी दहा हाका मारूनही न हलणारी मुले या दिवशी एका हाकेसरशी अंथरूण सोडतात. पुढे भाऊबीज होते, पाहुणे परततात, आकाशकंदील उतरतो आणि ती पहाटही वर्षभरासाठी जणू फडताळात जाऊन बसते.

जे एका दिवशी इतक्या सहजतेने साधते ते नित्य का साधू नये, हा प्रश्न अनेक भाविक कुटुंबांत दरवर्षी विचारला जातो. लवकर उठण्याचा संकल्प होतो, चार दिवस निभतो आणि पाचव्या दिवशी मोडतो. दोष आपल्या आळसाला दिला जातो. परंतु आपल्या पूर्वजांनी दिवाळीची ही पहाट ज्या महिन्यात बसवली त्या महिन्याची रचना पाहिली, तर आपले चुकते कोठे आणि उपाय कोणता, हे दोन्ही लक्षात येते.

पहाटेचा महिना

आश्विन पौर्णिमा म्हणजे कोजागरी. ‘कोण जागे आहे’ असे लक्ष्मी विचारीत फिरते, या श्रद्धेने त्या रात्री जागरण करावयाचे. या पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत कार्तिकस्नानाचा आणि काकड्याचा नेम चालतो. पौर्णिमान्त गणनेप्रमाणे कार्तिक महिना येथूनच सुरू होतो. आपण अमान्त गणना मानणारे, म्हणून नरक चतुर्दशी आपल्या पंचांगात आश्विन वद्यात येते. पण व्रताच्या हिशेबाने ती या पहाटेच्या महिन्याच्या बरोबर मध्यावर उभी आहे.

देवाला पहाटे ओवाळण्यासाठी कापडाची वळलेली जी मोठी वात तुपात वा तेलात भिजवून पेटवितात तिला काकडा म्हणतात, आणि त्या ओवाळण्यालाही तेच नाव पडले. गावोगावच्या विठ्ठल मंदिरांत आणि मारुतीच्या पारावर या दिवसांत झुंजूमुंजू होण्यापूर्वीच टाळ-मृदंग घुमू लागतात. काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी असा क्रम ठरलेला असतो. समाप्तीला काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद होतो. दिवसभर नांगरामागे चालणारा शेतकरी, दुकानदार, शाळकरी पोर हे सर्व महिनाभर हा नेम पाळतात.

त्यांना हे कसे साधते? कारणे साधी आहेत. वेळ रोजची एकच असते, सणाला वेगळी आणि सुटीच्या वारी वेगळी अशी नसते. उठल्यावर काय करावयाचे हा प्रश्न नसतो, कारण देव ओवाळायचा असतो. सोबत असते, आणि एखादा आला नाही तर त्याची चौकशी होते. चौथे कारण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, ते हे की काकड्याला जाणारा मनुष्य रात्री वेळेवर अंथरुणाला पाठ टेकतो. आपल्या संकल्पात पहिली तीन अंगे क्वचित असतात. चौथे तर बहुधा नसतेच.

देवालाही विश्रांती

पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाचे नित्योपचार पाहावेत. पहाटे काकडारती, मग पंचामृत पूजा, माध्यान्ही महानैवेद्य, दुपारनंतर पोशाख, सायंकाळी धूपारती आणि रात्री शेजारती. शेजारती झाल्यावर देव निद्रिस्त होतात, तेव्हाच दुसऱ्या दिवशी त्यांना जागविणारी काकडारती होते. काकड्याच्या आधी शेजारती असते, हा क्रम आपण विसरलो.

आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या काळात मात्र देवाचा पलंग काढला जातो. दर्शनाला लोटलेल्या लेकरांसाठी विठोबा अहोरात्र उभा राहतो. त्याच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या दिला जातो. त्या दिवसांत शेजारती नाही आणि म्हणून काकडाही नाही. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवितात आणि पुन्हा पलंग मांडून नित्योपचार सुरू होतात. प्रत्यक्ष परमेश्वराच्या जागरणानंतर जर विश्रांतीची एवढी काळजी वाहिली जाते, तर मध्यरात्रीपर्यंत जागून पहाटे चारला उठू पाहणाऱ्या मर्त्य देहाने आपला विचार किती अधिक करावयास हवा! आषाढ शुद्ध एकादशीला शयन करणारे भगवान कार्तिक शुद्ध एकादशीला जागे होतात, ती प्रबोधिनी एकादशीही याच महिन्यात येते. ज्या धर्माने देवाच्या निद्रेचीही एकादशी केली, त्याने झोपेला शत्रू मानलेले नाही.

शास्त्रकारांचे मतही हेच आहे. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आणि सुखदुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दुर्बलता ही निद्रेवर अवलंबून असल्याचे म्हटले. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात फार झोपणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले आहे, आणि त्याच श्लोकात फार जागणाऱ्यालाही तो साधत नाही, असे भगवंतांनी बजावले आहे. पहिला अर्धा भाग आपण मुलांना ऐकवितो, दुसरा स्वतःला ऐकविण्यास विसरतो. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात प्रातःकाळी उठून पाठांतर आणि ईशस्मरण करण्याची शिकवण दिली, तिच्यातही यथाशक्ती करावे असा समंजसपणा आहे.

ब्राह्म मुहूर्त कधी?

ब्राह्म मुहूर्त म्हणजे पहाटेचे चार, अशी एक ठाम समजूत आहे. गणित थोडे निराळे आहे. अहोरात्राचे ३० मुहूर्त असतात आणि एक मुहूर्त सरासरी ४८ मिनिटांचा. रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त तो ब्राह्म मुहूर्त. म्हणजे सूर्योदयापूर्वी १ तास ३६ मिनिटे तो सुरू होतो आणि सूर्योदयास ४८ मिनिटे उरली असता संपतो. पुण्यास नोव्हेंबरच्या प्रारंभी सूर्य सुमारे ६ वाजून ३५ मिनिटांनी उगवतो. तेव्हा ब्राह्म मुहूर्त पाचच्या सुमारास लागतो आणि पावणेसहापर्यंत असतो. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या आत होत असल्याने तो साडेचारच्याही आधी सुरू होतो. नागपूरला या दिवसांत सूर्य पुण्याहून सुमारे पाव तास लवकर दिसतो, म्हणून तेथील वेळ त्या मानाने आधीची. सारांश, ही वेळ घड्याळाच्या एका आकड्याला बांधलेली नसून सूर्याला बांधलेली आहे.

वाग्भटाचार्यांनी या मुहूर्तावर उठण्यास सांगितले ते स्वस्थ मनुष्यास, हा शब्द महत्त्वाचा. अष्टांगसंग्रहात तर रात्रीचे अन्न पचले की नाही याचा अदमास घेऊन उठावे, असे सुचविले आहे. आजारी माणूस, बाळंतीण, तान्ह्या मुलाची आई यांच्यावर हा नेम लादणे शास्त्राला धरून नाही. रुग्णालयातील परिचारिका, एस. टी.चे चालक, कारखान्यातील रात्रपाळीचे कामगार यांच्यासाठीही वाग्भटांनी सोय करून ठेवली आहे. सवय नसता रात्री जागरण घडले तर त्या वेळेच्या निम्मा काळ सकाळी, जेवणापूर्वी झोप घ्यावी, असे ते म्हणतात.

आधुनिक विज्ञान याच वाटेवर येऊन पोहोचले आहे. शरीरातील पेशींत दिवस-रात्रीचे भान राखणारे जे घड्याळ असते, त्याची अंतर्गत रचना उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ सरासरीने २४ तासांहून किंचित अधिक काळाचे असते. त्यामुळे त्याला मोकळे सोडले तर झोप दररोज थोडी थोडी पुढे सरकू पाहते. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की मेंदूतील मुख्य घड्याळाला खूण मिळते आणि ते पुन्हा जागेवर येते. उलट रात्री उशिरापर्यंत प्रखर दिवे, दूरचित्रवाणी आणि मोबाईल यांचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला, तर निद्रेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवण्यास विलंब होतो. पहाटे स्नान करून पूर्वेकडे तोंड करून सूर्याला अर्घ्य देणारा आणि दिवेलागणीनंतर समईच्या मंद प्रकाशात शुभंकरोती म्हणणारा जुना गृहस्थ या घड्याळाचे नाव जाणत नव्हता, पण त्याला किल्ली मात्र नेमाने देत होता.

घरातली शेजारती

आता आपल्या घराकडे वळू. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास आणि ६ ते १२ वर्षांच्या बालकांना ९ ते १२ तास, असे निद्रातज्ज्ञांचे मत आहे. पाचला उठावयाचे असेल तर प्रौढांनी दहाच्या आत आणि आठ वर्षांच्या नातवंडाने आठच्या आत निजले पाहिजे. ते शक्य नसेल त्या घरात बालकाला सहा वाजता उठवावे, त्यात पुण्य उणावत नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींचे शरीरातील घड्याळच काही वर्षे उशिराकडे झुकलेले असते, त्यांना आळशी म्हणण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे.

याहून नाजूक प्रश्न गृहिणीचा आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री चकल्या-करंज्यांचे शेवटचे घाणे उतरवून ती मध्यरात्री पाठ टेकते आणि पहाटे पाणी तापविण्यासाठी सर्वांच्या आधी उठते. सणाचा एक दिवस ती हौसेने हे करील. पण घराने नित्य लवकर उठण्याचा नेम धरला आणि जेवणे रात्री दहालाच राहिली, तर त्या नेमाचा सारा भार एकटीच्या झोपेतून वसूल होतो. सासूबाईंचा चहा, मुलांचे डबे, देवपूजेची तयारी, सारे तिच्याच माथी. एका जिवाची झोप मोडून बाकीच्यांनी मिळविलेली पहाट देवाला तरी कशी रुचावी? म्हणून नेम धरावयाचा तो संपूर्ण घराने. रात्रीचे जेवण आठच्या आत व्हावे, भांडी आणि ओटा आवरण्यास पुरुषांनी व मुलांनी हात लावावा, सकाळच्या पूजेची ताम्हन-पळी रात्रीच मांडून ठेवावी, आणि नऊ वाजता देवापुढे सर्वांनी मिळून एक अभंग म्हणून मोठे दिवे मालवावेत. हीच घरातली शेजारती. तीत नियमितपणा आला की काकडा आपोआप होतो.

सतरा तिथींचा नेम

नरक चतुर्दशीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत दोन्ही धरून सतरा तिथी होतात. नव्याने आरंभ करणाऱ्यास एवढा काळ अत्यंत सोयीचा. सातला उठणाऱ्याने एकदम पाचचा हट्ट धरू नये. दर चार दिवसांनी पाव तास उठणे अलीकडे आणावे आणि निजणेही तेवढेच अलीकडे आणावे. पौर्णिमेला तो सहाला उठू लागलेला असेल. उरलेला तास मार्गशीर्षात साधावा. या काळात उठण्याची वेळ रविवारीही बदलू नये. एखाद्या रात्री लग्नकार्याने वा भजनाने उशीर झालाच, तर सकाळी फार वेळ लोळण्यापेक्षा दुपारी अर्धा तास विसावा घ्यावा. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. उठल्याबरोबर मोबाईल हाती न घेता खिडकी उघडावी, तुळशीला पाणी घालावे आणि उजाडताना थोडा वेळ अंगणात किंवा गच्चीवर काढावा. पुरेसे निजूनही दिवसभर गुंगी राहत असेल किंवा झोपेत घोरताना श्वास अडखळत असेल, तर तेथे नेमाचा आग्रह न धरता वैद्याचा वा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणि उठल्यावर करावयाचे काहीतरी असावे. हरिपाठाचे चार अभंग, मनाच्या श्लोकांतील पाच श्लोक, गीतेचा अर्धा अध्याय, जे आवडेल ते. केवळ घड्याळाला जिंकण्यासाठी उठणारा लवकरच घड्याळाला कंटाळतो. देवाला जागे करावयास उठणाऱ्याला रोज कोणीतरी वाट पाहत असल्याचा भरवसा असतो.

उद्याच्या अभ्यंगस्नानाची तयारी घरोघर झाली असेल. उटणे कालवून ठेवले असेल, कारीट आणले असेल, नवी वस्त्रे घडी करून ठेवली असतील. त्या तयारीत आज एका गोष्टीची भर घालावी. फराळाचे उरलेले घाणे उद्या दुपारवर टाकून, घरातल्या सर्वात दमलेल्या माणसाला आज सर्वांआधी निजू द्यावे.