जांघेतली जुनी वाट

मुतखड्याची कळ कमरेतून निघते आणि पार वृषणात उतरते. खडा वर अडकलेला, मग दुखणं तिकडे कसं? तर मूत्रपिंड आणि वृषण हे मूळचे शेजारी, दोघांच्या वेदनेचे निरोपही मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच टप्प्यांतून जातात. गर्भात वृषण तयार होतात ते पोटाच्या मागच्या भिंतीवर, मूत्रपिंडांजवळ. तिथून सरकत सरकत सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेशी येतात आणि बहुधा जन्माआधी पोटाबाहेर पडतात. बाहेर यायचं कारण उष्णता. शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. मुक्काम हलला, रसद मात्र जुन्या ठिकाणाहूनच: वृषणाची रोहिणी आजही मूत्रपिंडाच्या रोहिणीच्या जरा खाली फुटते आणि एवढं अंतर कापत खाली येते.

या प्रवासासाठी पोटाच्या भिंतीतून वाट काढावी लागते. पोटाच्या आतल्या अस्तराची एक चिंचोळी पिशवी जांघेतून खाली उतरते, तिला धरून वृषण उतरतं आणि मग ती पिशवी मिटून जाते. कधी मिटत नाही. तिच्यात पाणी साचलं तर हायड्रोसील, आतडं उतरलं तर हर्निया. रडताना बाळाच्या जांघेत येणारा फुगा बहुतेकदा हाच. उजवं वृषण मागाहून उतरतं, म्हणून तो उजवीकडे जास्त. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या बाळांत तर आणखीच.

मोठ्या माणसात ही वाट म्हणजे साधारण चार सेंटिमीटरचा तिरका बोगदा. सगळी कारागिरी त्या तिरकेपणात आहे. आतलं आणि बाहेरचं तोंड समोरासमोर नाही. आपण खोकतो, कुंथतो, तेव्हा पोटातला दाब बोगद्याची मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबतो आणि वरून स्नायूंची कमान खाली येते. ज्या दाबाने वाट फुटायची, तोच ती बंद करतो! तान्ह्या बाळात मात्र दोन्ही तोंडं जवळजवळ एकावर एक असतात.

बोगद्याच्या आतल्या तोंडालगत एक रोहिणी वर जाते. शस्त्रक्रिया करणारे तिच्यावरूनच हर्नियाची जात ठरवतात. तिच्या बाहेरच्या अंगाने, म्हणजे जुन्या वाटेने उतरला तो अप्रत्यक्ष. आतल्या अंगाला भिंत पातळच असते. वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता यांनी ती सैल पडून सरळ पुढे आला तो प्रत्यक्ष. फीमोरल हर्निया याच्या खाली, मांडीच्या मुळाशी येतो. तो पुरुषांपेक्षा बायकांत अधिक दिसतो. गाठ लहान, तोंड अरुंद, म्हणून धोका मोठा.  

उभं राहिलं की गाठ येते, आडवं झालं की जाते. डॉक्टर तिच्यावर बोटं ठेवून “खोका” म्हणतात आणि बोटांना धक्का जाणवतो. फारसं दुखत नाही, म्हणून माणसं वर्षानुवर्षं पट्टा बांधून काढतात. पण गाठ आत जायची थांबली, कडक होऊन ठणकू लागली, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर सकाळची वाट बघू नये. अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटतं आणि काही तासांत ते सडू लागतं.

बोगद्याची मागची भिंत नव्याने शिवायची रीत इटलीतल्या पादुआचे शल्यचिकित्सक एदोआर्दो बासिनी यांनी १८८० च्या दशकात बसवली. १८६७ साली इटलीच्या एकीकरणासाठी गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत लढताना त्यांना स्वतःला संगिनीची जखम झाली होती, तीही जांघेतच. पुढे शिवणीऐवजी जाळी आली. ताण नाही, म्हणून हर्निया उलटण्याचं प्रमाण घटलं. पण जाळी महाग. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि २००३ मध्ये इतर शल्यचिकित्सकांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर स्वस्त मच्छरदाणीची जाळी आणि बाजारातली महागडी जाळी यांची तुलना झाली. २०१६ मध्ये निकाल छापून आला: वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक नाही.