अर्ध्या अँपियरचा दिवा

सायकलींच्या पुण्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी वडिलांची सायकल माळ्यावरून उतरवली. तीन पिढ्यांची माहिती जमवायची ठरवलं होतं. अडकले मात्र पुढच्या चाकाजवळच्या, मुठीत मावेल एवढ्या डायनॅमोत. अंधार पडल्यावर बिनदिव्याची सायकल पोलिस अडवत, त्या काळातला हा डायनॅमो. वडील संध्याकाळी कामावरून येत तेव्हा त्याची घरघर आधी ऐकू यायची आणि मग ते दिसायचे.

इतिहास थोडक्यात सांगते. जर्मनीत बॉशने 1923 मध्ये सायकलचा दिवा बाजारात आणला. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने 1936 मध्ये डायनॅमो चाकाच्या हबमध्येच बसवला. टायरला काही घासायलाच नको. जर्मनीत तर 2013 पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमो कायद्याने सक्तीचा होता. आपल्याकडे घराघरांत पोचला तो टायरला टेकणारा, बाटलीच्या आकाराचा.

पेठेतल्या एका जुन्या दुकानात सायकल नेली. तिथल्या काकांनी ती स्टँडवर घेतली, खटका दाबला, डायनॅमोची टोपी टायरला चिकटली. "ताई, हिच्यावरचे दाते बघा. झिजले की घसरते, आणि पावसात तर घसरतेच." ताशी 15 किलोमीटर वेगाला, दोनेक सेंटिमीटर व्यासाची ती टोपी सेकंदाला साठाहून जास्त फेरे मारते. तिच्या खाली चुंबक फिरतं, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. एवढंच. आत कार्बन ब्रश नाही, की वेगावर लगाम ठेवणारा वेगळा भाग नाही.

मग उतारावर बल्ब जळत कसा नाही? मला सगळ्यात आवडलं ते हेच. वेग वाढला की वीज जोरात ढकलली जाते. पण दिशाही जास्त भराभर पालटते, आणि त्या पालटण्याला वेटोळं स्वतःच तेवढाच जास्त विरोध करतं. म्हणून प्रवाह अर्ध्या अँपियरच्या आसपास थबकतो. पुढच्या 2.4 वॅटच्या बल्बला 0.4, मागच्या 0.6 वॅटच्याला 0.1. सहा व्होल्टवर हिशोब चोख जमतो. इतक्या साध्या वस्तूत इतका समंजसपणा कुणीतरी विचार करून भरला आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

काकांनी हाताने चाक फिरवलं. दिवा लागेना.

एकच वायर दिव्याकडे जाते; परतीची वाट सायकलच्या लोखंडातून. डायनॅमोच्या क्लॅम्पचा टोकदार स्क्रू रंग फोडून धातूला भिडला तरच मंडल पूर्ण होतं. आमच्या सायकलवर कधीतरी कुणी हौसेने रंग चढवला होता. काकांनी पॉलिश पेपरने तेवढा टिकलीएवढा भाग घासला, स्क्रू आवळला. पुढचा दिवा भिंतीवर पिवळा, थरथरता पडला. चाक थांबलं तसा विझला. चौकात थांबल्यावर काळोख होणार, हे त्याचं जुनं दुखणं. आता एलईडी आणि कपॅसिटर घातलेले दिवे थांबल्यावरही काही मिनिटं जळतात.

मागचा मात्र लागला नाही. बल्ब गेलेला. "मग पुढचाच राहू द्या," मी म्हणाले. काकांनी मान हलवली. "सगळा करंट एकट्या पुढच्यावर येईल. तोही जाईल." त्यांनी खण उपसले, पत्र्याचे डबे उघडले. मागच्याला लागतो तसा बारीक बल्ब त्यांच्याकडेही उरलेला नव्हता. जुनं चुंबक जोर धरून आहे का ते पाहावं म्हणून मी डायनॅमो उघडायला सांगितला, तर त्यांनी माझा हातच धरला: "आतलं चुंबक बाहेर काढायचं नाही. ते कमजोर होतं, आणि भरून देणारा आता कुठला?"

शेवटी पुढचा बल्बही त्यांनी काढला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. खटका वर ओढून टोपी टायरपासून दूर केली. बाहेर अंधारून आलं होतं. मी सायकल हातात धरून चालत घरी आले.